मावशींच्या बहिणीचा गुडघा आणि माझं सीझन तिकीट

खरं सांगायचं तर सॉफ्टबॉलला (बेसबॉलचीच बहीण) मी काही हौसेने गेले नव्हते. शेजारच्या मावशींच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी पायऱ्या चढायच्या नाहीत म्हणून तंबी दिली, आणि दोघींनी मिळून काढलेल्या दोन सीझन तिकिटांमधलं एक रिकामं पडलं. मावशी म्हणाल्या मला रिकाम्या खुर्चीशेजारी बसवत नाही, तू चल. मी म्हटलं अहो मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तर म्हणे कळायचं काय त्यात, मी वहीत लिहीत असते तेव्हा माझे शेंगदाणे धर.

(मावशी म्हणजे आमच्या शेजारच्या अमेरिकन आजी, सत्तरी ओलांडलेल्या. समोर मी त्यांना नावानेच हाक मारते, इथे सगळेच मारतात, पण मराठीत लिहायला बसले की ते नाव काही बोटातून उतरत नाही, म्हणून मावशी.)

तर गाव नॉर्मन, राज्य ओक्लाहोमा, युनिव्हर्सिटी ओक्लाहोमा, आणि साल २०२४. हे साल महत्त्वाचं कारण त्याच वर्षी १ मार्चला इथे नवीन स्टेडियम उघडलं, लव्ह्ज फील्ड. नाव वाचून मला आधी काहीतरी रोमँटिक वाटलं होतं पण लव्ह्ज ही हायवेवरच्या पेट्रोल पंपांची कंपनी आहे, ओक्लाहोमाचीच, त्यांनी मोठी देणगी दिली म्हणून त्यांचं नाव. एकूण खर्च साधारण ४ कोटी ८० लाख डॉलर. परत वाचा. मुलींच्या सॉफ्टबॉलसाठी, फक्त त्यांच्यासाठी, दुसरं कोणी तिथे खेळत नाही. ४,२०० खुर्च्या. याच कॅम्पसवर मुलांचं बेसबॉलचं मैदान आहे त्यात साधारण ३ हजार माणसं बसतात, म्हणजे बहिणीचं घर भावापेक्षा मोठं, असं इथे फार कमी ठिकाणी बघायला मिळतं.

अर्थात फुटबॉलचं स्टेडियम ८० हजारांचं आहे, त्याच्यापुढे हे म्हणजे वाड्याच्या अंगणातलं तुळशीवृंदावन. पण मला फुटबॉलला एकदाच नेलं होतं ऑफिसवाल्यांनी आणि मी तिथे साडेतीन तास मोठ्या स्क्रीनकडेच बघत होते, खाली मैदानात मुंग्या पळत होत्या, आजूबाजूचे उठले की मी उठायचे आणि बसले की बसायचे. सत्यनारायणाला पाहुण्यांच्या मुलीसारखी. इथेही तसंच होणार अशी मनाची तयारी करून गेले होते.

पहिली गोष्ट म्हणजे रांग. गेट उघडायच्या कितीतरी आधी रांग लागलेली आणि त्या रांगेत निम्म्या दहा-बारा वर्षांच्या मुली. अख्ख्या टीमच्या टीम, आपापल्या क्लबची जर्सी घालून, केसात मोठमोठ्या रिबिनी, डोळ्यांखाली काळे पट्टे ओढलेले, गालावर चमकी, हातात ग्लोव्ह. मी विचारलं यांची पण मॅच आहे का आज, तर मावशी म्हणाल्या नाही गं, त्या बघायला आल्यात. ग्लोव्ह कशाला मग? फाऊल बॉल, म्हणजे मारताना रेषेबाहेर गेलेला बॉल, आला तर. आणि खरंच सांगते, पुढे सीझनभर मी बघितलं, स्टँडमध्ये फाऊल बॉल उडून आला की आजूबाजूचे काका लोक हात मागे घेतात आणि जवळची जी कोणी बारकी असेल तिला तो घेऊ देतात. एखाद्याने हावरटपणा करून स्वतः पकडलाच तर चारही बाजूंनी असा काही हूऽऽ होतो की तो बिचारा लगेच वळून कुठल्यातरी पोरीच्या हातात तो देऊन टाकतो. नियम कुठेच लिहिलेला नाही पण पाळतात सगळे.

गेटवर पारदर्शक पिशवी लागते, नाहीतर परत गाडीत ठेवून या. माझी पहिल्या दिवशीची पर्स काळी कुळकुळीत, त्यामुळे मी पहिली इनिंग पार्किंगमध्ये घालवली. असो.

मैदानात शिरल्यावर मी मावशींना पहिला प्रश्न विचारला की हे एवढं छोटं कसं? टीव्हीवर बेसबॉल बघितला होता मी, त्याच्या मानाने सगळंच जवळ जवळ मांडल्यासारखं दिसत होतं. तर हिशोब असा आहे की बेसबॉलमध्ये बेस एकमेकांपासून ९० फुटांवर, इथे ६०. तिथे पिचर साठ फूट सहा इंचांवरून टाकतो, इथे ४३ फुटांवरून. आणि बाहेरचं कुंपण साधारण २००-२२० फुटांवर. त्यामुळे होतं काय की सगळं पटापट घडतं. इथल्या चांगल्या पिचर ताशी ७० मैलांच्या आसपास टाकतात, खालून, हात गिरणीच्या पात्यासारखा गर्रकन फिरवून, आणि बॅटवालीकडे उरतात जेमतेम चार-दशांश सेकंद. तेवढ्यात ठरवायचं की मारायचा का सोडायचा. बरं तो बॉल पिवळाजर्द, लाल शिवणीचा, घेर १२ इंच, आणि नावात सॉफ्ट असलं तरी मी हातात धरून बघितलाय, नारळ बरा. म्हणून तर पहिल्या-तिसऱ्या बेसवरच्या मुली तोंडावर जाळीचा मास्क लावून उभ्या असतात.

पण मला जे सांगायचंय ते आकड्यांचं नाही, आवाजांचं आहे. पिचर बॉल सोडताना एक घुसमटलेला हुंकार देते, तो ऐकू येतो. तिचा हात मांडीवर घासून जातो तो ‘फट’ ऐकू येतो. बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज तर पाठीच्या खुर्चीत जाणवतो. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधली मुलगी, ओरडून दुसऱ्या बेसवालीला काय सांगते ते ऐकू येतं, अंपायर कॅचरला हळूच काहीतरी म्हणतो आणि ती हसते तेही दिसतं. आणि याचा अर्थ उलटंही खरं आहे, आपण जे बोलतो ते खाली जातं. आमच्या मागच्या रांगेत एक काका बसायचे, त्यांचा आवाज भसाडा, ते दर मॅचला अंपायरला चष्म्याच्या दुकानाचा पत्ता द्यायचे. एकदा दोन इनिंगच्या मधल्या शांततेत त्यांनी तो पत्ता दिला आणि अंपायरने मास्क वर करून वळून थेट त्यांच्याकडे बघितलं. अख्खा सेक्शन खो खो हसला. काका पुढच्या दोन इनिंग मुकाट बसले होते.

८० हजारांत शिवी दिली तर ती कोणालाच लागत नाही. ४,२०० मध्ये लागते. मला वाटतं म्हणूनच इथली गर्दी जरा जिभेला लगाम घालून असते, म्हणजे ओरडतात जोरात पण खेळणाऱ्या पोरीला, मग ती समोरच्या टीमची का असेना, घाण बोललेलं मी क्वचित ऐकलं. अठरा-वीस वर्षांची मुलगी तुमच्यापासून चाळीस फुटांवर उभी आहे आणि तिचे आईवडील तीन रांगा सोडून बसलेत, त्यांच्या टीशर्टवर तिचाच नंबर आहे, आता बोला काय बोलायचंय ते.

ओरडण्याचंही शास्त्र आहे. एका बाजूने ‘बूमर!’ अशी आरोळी आली की दुसऱ्या बाजूने ‘सूनर!’ असं उत्तर द्यायचं. सूनर म्हणजे इथल्या सगळ्या टीमचं नाव, आणि त्याची गोष्ट अशी की १८८९ साली सरकारने इथली जमीन लोकांना ‘धावा आणि आपापला तुकडा पकडा’ अशा पद्धतीने खुली केली (ती जमीन मुळात कोणाकडून घेतलेली होती हा वेगळा आणि फार दुःखाचा विषय आहे), तेव्हा वेळ व्हायच्या आधीच जे गुपचूप घुसून बसले ते सूनर. म्हणजे रांग मोडणाऱ्यांचं नाव अभिमानाने छातीवर! मी हे मावशींना बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या म्हणूनच आपण गेट उघडायच्या आधी दीड तास येतो.

आणि डगआउट, म्हणजे मैदानाच्या कडेची टीमची बसायची जागा. बाकी कुठल्या खेळात मी हे बघितलं नाही. ज्या मुली खेळत नाहीयेत त्या कठड्याला लटकून सतत, म्हणजे सतत, गात असतात, टाळ्या, हावभाव, प्रत्येक बॅटवालीसाठी वेगळं काहीतरी, समोरच्या पिचरने चार बॉल वाईट टाकले की त्याचं वेगळं. आपल्याकडे मंगळागौरीला दोन्ही बाजूंच्या पोरी एकमेकींना फुगडीत हरवायला जशा चढाओढीने गातात ना, डिट्टो तेच. सीझनच्या मध्यापर्यंत स्टँडमधल्या बारक्या पोरींना सगळी गाणी पाठ झालेली असतात आणि मग डगआउटमधून एक ओळ येते आणि स्टँडमधून दुसरी जाते. पहिल्या महिन्यात माझं डोकं दुखायचं त्याने. मे महिन्यात मी भांडी घासताना तेच पुटपुटत होते.

आता वहीबद्दल. मावशींकडे एक आडवी, स्पायरलची स्कोअरची वही आहे. प्रत्येक खेळाडूसमोर चौकोनांची ओळ, प्रत्येक चौकोनात छापलेला बारीकसा डायमंड, म्हणजे चार बेसचा तिरका चौकोन. एक पेन्सिल, तिला दोन्ही टोकं काढलेली, आणि वेगळं खोडरबर, ते दोऱ्याने वहीला बांधलेलं. खेळाडूंना नावं नसतात वहीत, नंबर असतात, म्हणजे जर्सीचे नाही, जागेचे. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग बाहेरच्या तिघी ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने उचलून पहिल्या बेसला फेकला आणि आऊट, तर फक्त ६-३. स्ट्राइकआऊट झाली, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, तर इंग्रजी के अक्षर, आणि बॅटवाली नुसती बघत उभी राहून आऊट झाली तर तोच के उलटा, आरशात दिसतो तसा. मला तो उलटा के फार आवडला. एका अक्षरात केवढा टोमणा!

तिसऱ्या-चौथ्या मॅचला मावशींनी बाथरूमला जाताना वही माझ्या हातात दिली. अर्धी इनिंग. मी घामाघूम. एक मुलगी डावखुरी उभी राहिली, पिचरने बॉल सोडताच ती उभ्या जागेवर मारायचं सोडून पळत पळतच बॅट लावून मोकळी झाली, बॉल टप टप करत शॉर्टस्टॉपकडे आणि ही तोवर बेसवर पोचलीसुद्धा. याला स्लॅप म्हणतात, साठ फूट अंतर या मुली तीन सेकंदांच्या आत कापतात. मी काय लिहायचं न कळून ‘पळाली’ असं मराठीत लिहिलं. मावशी आल्या, चष्मा वर करून बघितलं, विचारलं ही कुठली खूण? मी सांगितलं. त्यांनी खोडरबराने नीट खोडलं, फुंकर मारली, योग्य खूण केली आणि म्हणाल्या अर्थ बरोबर आहे.

त्या वहीसारख्या त्यांच्या कपाटात अजून खूप आहेत. मावशी हे सगळं बघतायत ते पार रीव्ह्ज पार्कपासून. रीव्ह्ज पार्क म्हणजे गावातली सार्वजनिक बाग, अजून आहे, मुलांना झोपाळ्यावर न्यायला लोक जातात. १९९५ ला पॅटी गॅसो कॅलिफोर्नियातून इथे कोच म्हणून आल्या तेव्हा युनिव्हर्सिटीची टीम तिथे खेळायची. बागेतल्या मैदानावर! मावशी घरून घडीची खुर्ची घेऊन जायच्या आणि म्हणे कधीकधी खुर्च्या मोजता यायच्या. मग १९९८ ला कॅम्पसवर मरीटा हाइन्स फील्ड झालं, एका जुन्या कोचबाईंच्या नावाचं, आणि २००० साली पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. त्यानंतर २०१३, २०१६, २०१७ आणि मग २०२१ ते २०२४ ओळीने चार. पण त्या मैदानात खुर्च्या १,३७८. देशात पहिल्या नंबरची टीम आणि बसायला जागा एखाद्या मंगल कार्यालयाएवढी. तिकीट मिळवणं म्हणजे दिव्य असायचं. मावशी सांगतात त्या काळात सीझन तिकीट असलेल्या माणसाला गावात वेगळा मान होता, लोक मुद्दाम ओळख वाढवायचे.

हे सगळं आपोआप झालं नाही हेही मावशीच सांगतात, आणि ते सांगताना त्यांचा आवाज जरा बदलतो. १९७२ मध्ये इथे टायटल नाइन नावाचा कायदा आला, सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही. त्यात खेळ हा शब्दसुद्धा नव्हता, पण परिणाम खेळावर धबाधब झाला. मावशींच्या शाळेत मुलींची टीमच नव्हती, त्या मैदानाच्या कडेला उभ्या राहून भावाचा स्कोअर लिहायच्या. वही तिथून सुरू झाली. मी विचारलं नाही की तुम्हाला खेळायचं होतं का. कशाला विचारायचं.

बरं, आता ३ मार्चचा रविवार. स्टेडियम उघडून तिसरा दिवस. टीम आदल्या वर्षी ६१ मॅच जिंकून फक्त एक हरली होती आणि लागोपाठ जिंकत जिंकत आकडा ७१ वर आलेला. ७१! आधीचा विक्रम ॲरिझोनाचा ४७ चा होता, तो कधीच मागे पडलेला. माझ्यासारखी नवखी बाई तर असंच समजून चालली होती की ही टीम हरत नसतेच, म्हणजे हरणं हा प्रकारच नाही यांच्यात, आपण जायचं, बघायचं, जिंकायचं, घरी यायचं. समोर लुइझियानाची टीम, रेजिन केजन्स. मॅच एरवी सात इनिंगची, ती बरोबरीमुळे आठव्या इनिंगमध्ये गेली आणि ७-५ ने गेली. आपल्या हातून.

नवीन कोरं स्टेडियम, भिंतींना अजून रंगाचा वास असावा असं, आणि तिसऱ्याच दिवशी पनवती! माझ्या मनात पहिला विचार खरंच हा आला की मी आले म्हणून झालं असणार. मी मावशींकडे बघितलं. त्या शेवटचा चौकोन भरत होत्या. मग त्यांनी पानाच्या कोपऱ्यात तारीख लिहिली, जी त्या एरवी आधीच लिहितात, पण त्या दिवशी परत लिहिली, तिच्याखाली रेघ ओढली. आणि म्हणाल्या चला, आता श्वास घेता येईल सगळ्यांना. मला ते तेव्हा अजिबात कळलं नाही. पण खरं सांगते, त्यानंतरच्या मॅचेसना गर्दीचा आवाज बदलला. आधी लोक लग्नाच्या रिसेप्शनला आल्यासारखे यायचे, जेवण ठरलेलं, पेढा ठरलेला. त्यानंतर जरा पोटात गोळा यायला लागला सगळ्यांच्या आणि दोन आऊट असताना सगळे उभे राहायला लागले. मला तेच जास्त आवडलं.

तक्रारीही आहेत. मोठी तक्रार म्हणजे आठ रनचा नियम. पाच इनिंग झाल्यावर एक टीम आठ किंवा जास्त रनने पुढे असेल तर मॅच संपली. दयेचा नियम म्हणतात त्याला, समोरच्या टीमसाठी दया असेल, पण माझ्यासाठी कुठली दया? दीड तास रांग, वीस मिनिटं पार्किंग, आणि सव्वा तासात खेळ खलास, अजून नाचोज संपले नाहीत. (नाचोज इथे प्लॅस्टिकच्या छोट्या हेल्मेटमध्ये देतात. माझ्याकडे आता सात हेल्मेटं झालीत, त्यात डाळी भरून ठेवते.) दुसरी तक्रार सूर्यफुलाच्या बिया. लोक गालात भरतात आणि साली थुंकतात, मॅच संपल्यावर पायाखाली चरचर वाजतं. मैदानातल्या मुलीही तेच करतात. या एका बाबतीत मी माझं मत बदलणार नाही, थुंकणं ते थुंकणं.

हवामानाचं तर विचारूच नका. मार्चमध्ये दोन ब्लँकेटं आणि एप्रिलमध्ये त्याच खुर्चीत भाजून निघायचं. कुठे वीज चमकली की खेळ थांबतो, आणि शेवटची वीज पडल्यापासून तीस मिनिटं मोजायची, मध्ये परत चमकली की परत तीस, सापशिडीतल्या शेवटच्या सापासारखं. आणि एका शनिवारची गंमत, दुपारची मॅच, लख्ख ऊन, बरोबर बाराला चक्रीवादळाचा भोंगा वाजायला लागला. मी पिशवी उचलून उभी! आजूबाजूला एकही माणूस हलला नाही, पिचरने पुढचा बॉलसुद्धा टाकला. मावशींनी माझा हात धरून खाली बसवलं. दर शनिवारी बाराला भोंग्याची टेस्ट असते गावात, आकाश स्वच्छ असेल तर. मला नॉर्मनला येऊन आठ महिने झाले होते आणि मी शनिवारी बारापर्यंत झोपत असल्यामुळे मला पत्ताच नव्हता.

त्या नाचोजच्या रांगेत अजून एक गोष्ट शिकले. रांग स्टँडच्या मागे, मैदान दिसत नाही, फक्त ऐकू येतं. आम्ही दोघी उभ्या, आतून एक आवाज आला, मावशी म्हणाल्या फाऊल. परत आवाज. वॉक, म्हणजे चार वाईट बॉलवर फुकट मिळालेला बेस. मग आवाज वर वर चढत गेला, क्षणभर थांबला आणि फुटला, आणि मावशी म्हणाल्या, होम रन, आणि पेन्सिल काढून हातावर लिहून ठेवलं. मी म्हटलं कसं काय? तर म्हणे स्ट्राइकआऊटचा आवाज आखूड असतो, एकदम सुरू आणि एकदम बंद. होम रनला दोन पायऱ्या, आधी बॉल उडाला म्हणून ‘ओ’, मग तो हवेत आहे तोवर सगळे श्वास धरतात, आणि मग कुंपणापलीकडे गेला की खरा. डबल, म्हणजे एका फटक्यात दोन बेस, असेल तर ती मधली शांतता नाही, आवाज पळत राहतो पोरीबरोबर. मला वाटलं फेकतायत. परत जागेवर गेलो, स्कोअरबोर्ड बघितला. सगळं बरोबर.

त्याच वर्षी जूनमध्ये ऑफिसातल्या एकीने फायनलचं जास्तीचं तिकीट दिलं म्हणून मी ओक्लाहोमा सिटीला डेव्हन पार्कलाही गेले, इथून अर्ध्या-पाऊण तासावर. देशातल्या शेवटच्या आठ टीमची स्पर्धा तिथे होते, १९९० पासून जवळजवळ दरवर्षी, आणि २०२८ च्या ऑलिंपिकचं सॉफ्टबॉलही तिथेच होणार आहे, ऑलिंपिक लॉस एंजेलिसचं असूनसुद्धा. १३ हजारांची जागा, आणि भरलेली. टेक्सासविरुद्ध फायनल, दोन्ही मॅच आपण घेतल्या, ८-३ आणि ८-४, लागोपाठ चौथं विजेतेपद, असं याआधी कोणाला जमलेलं नाही. मी दुसऱ्या मॅचला होते. जल्लोष वगैरे सगळं झालं, मी पण नाचले. पण मी बसले होते वरच्या मजल्यावर आणि मला पिचरचा हुंकार ऐकू येत नव्हता. ग्लोव्हचा आवाज बॉल पोचल्यावर किंचित उशिरा यायचा. डगआउट गात असताना नुसती तोंडं हलताना दिसत होती. शेवटी मी मोठ्या स्क्रीनकडे बघायला लागले आणि एकदम माझ्या लक्षात आलं की अरे, हे तर फुटबॉलसारखं झालं. लव्ह्ज फील्डला अजून खुर्च्या वाढवायला हव्यात असं गावात अधूनमधून कोणीतरी म्हणतं, तिकिटं मिळत नाहीत ही गोष्ट खरीच आहे, मी स्वतः आता त्या रडणाऱ्यांमध्ये आहे. तरी सांगते, नका वाढवू. रांगेत राहीन मी.

हो, रांगेत. कारण बहिणीचा गुडघा बरा झाला. २०२५ च्या फेब्रुवारीत त्या ताठ चालत आल्या, आमच्या दारावर टकटक केलं, माझ्यासाठी केक आणला होता, वर्षभर खुर्ची गरम ठेवली म्हणून आभार मानले, आणि झालं. मावशींना जरा अवघडल्यासारखं झालं असावं, दोन दिवसांनी त्यांनी मला एक नवी स्कोअरची वही आणून दिली, स्पायरलची, खोडरबर दोऱ्याने बांधून.

आमचं अपार्टमेंट मैदानाच्या उत्तरेला आहे, चालत पंधरा मिनिटं. आणि नॉर्मनला वारा बहुतेक वेळा दक्षिणेकडून असतो, ‘ओक्लाहोमा!’ या जुन्या अमेरिकन संगीत नाटकाच्या गाण्यातल्यासारखा गोड नाही, केस उपटून नेणारा. त्यामुळे बाल्कनीचं दार उघडं ठेवलं की गर्दी घरात येते. समोर लॅपटॉपवर मॅच लावलेली असते, पण ते स्ट्रीमिंग अर्धा मिनिट तरी मागे असतं. म्हणजे आधी आवाज येतो वाऱ्यावरून, आणि स्क्रीनवर पिचर अजून हात पुसत उभी असते.

मागच्या आठवड्यात मी अशीच बसले होते, वही मांडीवर, पेन्सिलीला दोन्ही टोकं काढून. आवाज आला. मध्ये शांतता नाही, एकसारखा पळत गेलेला आवाज, चढता. मी अगदी खात्रीने चौकोनात डबलची खूण केली, बेसच्या दोन रेघा ठळक केल्या, पेन्सिल कानावर ठेवली आणि आरामात चहा घेत स्क्रीनकडे बघत बसले. पिचरने हात पुसला. टाकला. बॉल डाव्या रेषेवरून उंच, लांब, लांब, सगळे उभे, आणि शेवटच्या क्षणी वाऱ्याने वळला.

फाऊल. खोडरबर दोऱ्याला होतंच.